पाल्माचे धर्मगुरू आणि आकाशातील तारकागुच्छ : फादर जोव्हानी बातिस्ता ओदिएर्ना (१५९७–१६६०)

उपवासकाळातील शुक्रवारी क्रुसाची वाट आटोपून आपण देवळाबाहेर येतो, तेव्हा दक्षिणेच्या आकाशात उंचावर एक अतिशय तेजस्वी तारा लखलखत असतो. हा व्याध. मृग नक्षत्राच्या पाठोपाठ चालणारा हा तारा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. व्याधाच्या खाली तीन ताऱ्यांचा एक त्रिकोण दिसतो. त्यातील सर्वांत वरच्या ताऱ्यापासून किंचित डावीकडे आणि वर, पौर्णिमेच्या चंद्राची पाच-सहा बिंबे ओळीने मांडली तर जेवढे अंतर होईल तेवढ्या अंतरावर, एक फिकट तारा आहे. दिव्यांच्या झगमगाटात तो दिसणे कठीण, मात्र काळोख्या किनाऱ्यावरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. लहानशी दुर्बीण लावली की या एका ताऱ्याभोवती बारीक ताऱ्यांचा एक दाट घोळका प्रकट होतो. खगोलशास्त्रज्ञ या ताऱ्याला बृहल्लुब्धकातील टाऊ असे म्हणतात आणि त्याच्या भोवतालच्या घोळक्याला एनजीसी २३६२ या क्रमांकाने ओळखतात.

हा तारकागुच्छ ज्ञात इतिहासात सर्वप्रथम ज्यांनी पाहिला आणि छापील ग्रंथात नोंदविला, ते कोणत्याही वेधशाळेचे प्रमुख नव्हते. ते सिसिली बेटावरील एका नव्याने वसलेल्या गावाचे धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर जोव्हानी बातिस्ता ओदिएर्ना. ग्रंथांवर त्यांचे आडनाव लॅटिन वळणाने, आरंभी ह हे अक्षर घालून लिहिलेले आढळते. परंतु इटालियन माणूस त्या ह चा उच्चार करीत नाही, म्हणून आम्हीही ते येथे गाळले आहे. या शब्दाचा लॅटिन भाषेतील अर्थ ‘आजचा’ असा होतो. ज्यांचे नाव आज असे आहे, त्यांना जगाने सुमारे सव्वातीनशे वर्षे जवळजवळ विसरून जावे, हा योगायोग आम्हाला थोडा चटका लावून गेला.

ओदिएर्ना यांचा जन्म १३ एप्रिल १५९७ रोजी सिसिलीच्या आग्नेय भागातील रागूसा या गावी झाला. कोणत्याही नामांकित विद्यापीठाचा शिक्का त्यांच्यावर बसला नाही. गणित आणि खगोलशास्त्र ते बहुतांशी स्वतःच शिकले. १६१८ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षाच्या उत्तरार्धात युरोपच्या आकाशात एकामागून एक तीन धूमकेतू दिसले. धूमकेतू म्हणजे युद्ध, रोगराई आणि राजाचा मृत्यू यांची सूचना, असा समज त्या काळी सर्वत्र होता. त्याच वर्षी तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलेले असल्याने ती भीती अधिकच बळावली. एकवीस वर्षांच्या ओदिएर्ना यांनी मात्र दुर्बीण उचलली. वस्तू वीसपट मोठी करून दाखविणारी, गॅलिलिओंनी वापरली त्या प्रकारची ही साधी दुर्बीण होती. अशा दुर्बिणीतून एका वेळी इतका अरुंद भाग दिसतो की चंद्राचे पूर्ण बिंबदेखील त्यात मावत नाही. या अरुंद खिडकीतूनच त्यांनी पुढे सारे आकाश धुंडाळले.

१६२२ साली सिराकूज येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर १६२५ ते १६३६ पर्यंत त्यांनी रागूसातच गणित आणि खगोलशास्त्र शिकविले. १६२८ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिले. गॅलिलिओंनी १६१० साली प्रसिद्ध केलेल्या दुर्बिणीच्या शोधांचा त्यात मनापासून गौरव होता. चंद्रावरील डोंगर, गुरूभोवती फिरणारे चार उपग्रह, आकाशगंगेत दिसणारे अगणित तारे, ही सारी नवलाई ओदिएर्ना यांना मोहवून गेली होती.

पुढे पाचच वर्षांनी, १६३३ मध्ये, रोम येथे गॅलिलिओंवर खटला चालला आणि त्यांना नजरकैदेची शिक्षा झाली. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे दुःखद प्रकरण वाचकांना परिचित आहे. पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली त्या प्रकरणातील चूक जाहीरपणे मान्य केली, हेही सर्वांना ठाऊक आहे. आमच्यासमोर प्रश्न वेगळा आहे. ज्या धर्मगुरूने गॅलिलिओंची स्तुती लिहून ठेवली होती, त्याने १६३३ नंतर काय केले? ओदिएर्ना यांनी बंड पुकारले नाही. तथापि त्यांनी आपल्या गुरूला नाकारलेही नाही. गॅलिलिओंचे निधन १६४२ साली झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी ओदिएर्ना यांनी पालेर्मो येथे आर्किमिडीजच्या तराजूविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात गॅलिलिओंचा, तोवर केवळ हस्तलिखितातच असलेला, तराजूवरील तरुणपणीचा निबंध छापून टाकला. शिक्षा झालेल्या माणसाचे अप्रकाशित लेखन एका धर्मगुरूच्या पुस्तकातून प्रथमच जगासमोर आले. तो निबंध पृथ्वीच्या भ्रमणाविषयी नव्हता, ही गोष्ट खरी. तरीही आम्हाला या कृतीत एक शांत धैर्य दिसते.

१६३७ साली त्यांच्या जीवनाचा दुसरा अध्याय सुरू झाला. सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्याजवळ तोमासी घराण्यातील कार्लो आणि जुलिओ या जुळ्या बंधूंनी ३ मे १६३७ रोजी पाल्मा नावाचे गाव वसविले. आज हे गाव पाल्मा दी मोंतेक्यारो म्हणून ओळखले जाते. ओदिएर्ना या नव्या गावी आले, तेथील लोकांचे धर्मगुरू झाले आणि १६४४ मध्ये त्यांच्याकडे मुख्य धर्मगुरूचे पद आले. शेवटपर्यंत ते तेथेच राहिले.

या तोमासी घराण्याविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. थोरले बंधू कार्लो यांनी सरदारकीचा त्याग करून थिआटाईन संघात प्रवेश केला आणि जहागीर जुलिओ यांच्याकडे आली. जुलिओ इतके भाविक होते की लोक त्यांना संत सरदार म्हणत. १६५९ साली पाल्मा येथे बेनेडिक्टाईन भगिनींचा मठ सुरू झाला आणि जुलिओंच्या कन्या त्या मठात दाखल झाल्या. त्यांपैकी इझाबेला या पुढे सिस्टर मरिया क्रोचिफिसा या नावाने विख्यात झाल्या. जुलिओंचे पुत्र जुझेप्पे मरिया यांचा जन्म १६४९ साली झाला. उपासनाविधींच्या प्राचीन ग्रंथांचे ते थोर अभ्यासक बनले आणि १७१२ साली कार्डिनल झाले. १९८६ साली पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले. ओदिएर्ना यांचे निधन झाले तेव्हा हा भावी संत अवघ्या दहा वर्षांचा होता. याच घराण्यात तीन शतकांनंतर जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदुसा हे लेखक झाले. १९५८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘इल गातोपार्दो’ या कादंबरीचा नायक आकाशनिरीक्षणात रमणारा सरदार आहे, हे वाचून आम्हाला पाल्माच्या या जुन्या धर्मगुरूंची आठवण झाली.

आता पुन्हा मूळ विषयाकडे येऊ. गावातील मिस्सा, पापनिवेदन, स्नानसंस्कार, लग्ने आणि अंत्यविधी यांच्या जोडीने ओदिएर्ना यांचा अभ्यास चालूच होता. त्यांचे कुतूहल केवळ ताऱ्यांपुरते मर्यादित नव्हते. १६४४ मध्ये त्यांनी माशीच्या डोळ्यावर एक पुस्तिका लिहिली. सूक्ष्मदर्शकाखाली माशीचा डोळा ठेवून त्यांनी पाहिले, तेव्हा एक वाटणारा तो डोळा अनेक बारीक भागांनी बनलेला दिसला. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यांचा सूक्ष्मदर्शकावरील सुप्रसिद्ध ग्रंथ यायला अजून एकवीस वर्षे होती. १६४६ मध्ये त्यांनी घोणसासारख्या विषारी सापाच्या विषदंताची रचना तपासून त्यावर लिहिले. लोलकातून जाणारा प्रकाश आणि इंद्रधनुष्य हाही त्यांच्या एका पुस्तकाचा विषय होता. त्यांचे स्पष्टीकरण अपुरे होते आणि ते काम पुढे न्यूटन यांनी पूर्ण केले. परंतु ज्या गावात विद्यापीठ नाही, वेधशाळा नाही, तेथे बसून एक धर्मगुरू माशी, साप, इंद्रधनुष्य आणि शनी यांच्याकडे सारख्याच आस्थेने पाहत होता, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

१६५४ साली पालेर्मो येथे त्यांचा तो ग्रंथ छापला गेला, ज्यामुळे आम्ही आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत. ग्रंथ लॅटिन भाषेत आहे. पहिला भाग धूमकेतूंवर आणि दुसरा भाग आकाशातील आश्चर्यकारक वस्तूंवर आहे. हे दोन विषय त्यांनी एकत्र का आणले, हे समजून घेण्यासारखे आहे. नुसत्या डोळ्यांना किंवा लहान दुर्बिणीला धूमकेतू हा धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. आकाशात असे आणखी पुष्कळ धुरकट ठिपके आहेत, पण ते जागचे हलत नाहीत. धूमकेतू हलतो, वाढतो, विरतो. म्हणून ओदिएर्ना यांच्या मते धूमकेतू हे पृथ्वीवरील पदार्थांच्या जवळचे होते आणि न हलणारे धुरकट ठिपके मात्र ताऱ्यांचे बनलेले होते. हा भेद स्पष्ट करावयाचा तर त्या ठिपक्यांची यादी हवी, आणि ती यादी त्यांनी तयार केली.

यादीत चाळीसच्या आसपास नोंदी आहेत. त्यांचे त्यांनी तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील समूहांत नुसत्या डोळ्यांनाही तारे वेगळे दिसतात, जशा आपल्या कृत्तिका. दुसऱ्या वर्गातील ठिपके डोळ्यांना धुरकट दिसतात, परंतु दुर्बीण लावताच त्यांचे तारे सुटे होतात. कर्क राशीतील पुष्य नक्षत्राचा गुच्छ या प्रकारचा आहे. तिसऱ्या वर्गातील ठिपके दुर्बिणीलाही दाद देत नाहीत आणि धुरकटच राहतात. ओदिएर्ना यांचा तर्क असा की हेदेखील तारेच आहेत. ते सुटे दिसत नाहीत, कारण आपले साधन तोकडे आहे. दुर्बीण सुधारली की धुके फुटेल आणि तारे दिसतील.

अचूक स्थाने दिलेली नसल्याने या यादीतील प्रत्येक नोंद आज ओळखता येत नाही. तरी एकोणीसच्या आसपास वस्तू निश्चित झाल्या आहेत, आणि त्यांत आजच्या हौशी आकाशनिरीक्षकांची अनेक आवडती ठिकाणे आहेत : सारथी तारकासमूहातील तीन गुच्छ, वृश्चिकाच्या नांगीजवळचा गुच्छ, धनू राशीतील मोठा तेजोमेघ आणि बृहल्लुब्धकातील टाऊभोवतीचा हा घोळका. सिसिलीतून पाहिले असता हा गुच्छ दक्षिण क्षितिजापासून केवळ अठ्ठावीस अंशांपर्यंत वर येतो. पॅरिस किंवा लंडनहून तो आणखी खाली, क्षितिजाच्या धूसर हवेत असतो. पाल्मा गाव युरोपच्या दक्षिण टोकाला होते, याचा येथे त्यांना लाभ झाला असावा.

याच ग्रंथात मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे एक चित्र आहे. त्या मेघाच्या मध्यभागी असलेल्या ताऱ्यांपैकी तीन त्यांनी वेगळे दाखविले. आज त्या जागी चार ठळक तारे असल्याचे आपण जाणतो. या मेघाचे हे सर्वांत जुने छापील चित्र होय. डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हायगेन्स यांनी काढलेले अधिक प्रसिद्ध चित्र १६५९ साली, म्हणजे पाच वर्षांनी छापले गेले. इतिहासाची पुस्तके मात्र दीर्घ काळ हायगेन्स यांचेच चित्र पहिले म्हणून सांगत राहिली.

हायगेन्स आणि ओदिएर्ना यांचा पत्रव्यवहार होता. विषय होता शनी. दुर्बिणीतून शनीचा आकार वर्षागणिक बदलताना दिसे आणि त्याचे कारण कोणालाच उमगत नव्हते. ओदिएर्ना यांनी १६५७ मध्ये शनीवर पुस्तक लिहिले आणि शनी हा दोन काळे डाग असलेला अंडाकृती गोल आहे, असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. शनीभोवती पातळ, सपाट कडे आहे, हे सत्य हायगेन्स यांनी मांडले. पाल्माच्या धर्मगुरूंची दुर्बीण आणि त्यांचा तर्क, दोन्ही येथे अपुरे पडले, हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही.

गुरूच्या उपग्रहांच्या बाबतीत मात्र त्यांनी बाजी मारली. हे चार उपग्रह कोणत्या दिवशी कोठे दिसतील, याची कोष्टके त्यांनी १६५६ साली छापली आणि ती तस्कनीचे अधिपती दुसरे फेर्दिनांदो यांना अर्पण केली. अशी कोष्टके छापली जाण्याची ही पहिलीच वेळ होती. रात्रीमागून रात्री त्याच चार ठिपक्यांची जागा टिपत राहणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे ज्याने एकदा तरी करून पाहिले असेल त्यालाच कळेल. बारा वर्षांनी कास्सिनी यांनी अधिक अचूक कोष्टके तयार केली आणि ओदिएर्ना यांची कोष्टके मागे पडली.

६ एप्रिल १६६० रोजी पाल्मा येथे त्यांचे निधन झाले. त्रेसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. संपूर्ण आकाशाचे शंभर नकाशे काढण्याचा त्यांचा संकल्प अपुराच राहिला. १६९३ सालच्या जानेवारीत झालेल्या भयंकर भूकंपात त्यांचे जन्मगाव रागूसाही उद्ध्वस्त झाले.

यानंतर जे घडले ते वाचताना मन विषण्ण होते. ओदिएर्ना यांचा ग्रंथ सिसिलीबाहेर फारसा पोहोचलाच नाही, आणि त्यांनी पाहिलेल्या वस्तू इतरांनी एकेक करून नव्याने शोधल्या. वृश्चिकातील गुच्छ १७४५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या दी शेझो यांनी, सारथीतील दोन गुच्छ १७४९ मध्ये फ्रान्सच्या ल जाँतील यांनी आणि तिसरा १७६४ मध्ये शार्ल मेस्ये यांनी. मेस्ये यांनी तर पुढे अशा धुरकट ठिपक्यांची जगप्रसिद्ध यादी बनविली. त्यांचा हेतूही हुबेहूब तोच होता : धूमकेतू शोधणाऱ्यांची या न हलणाऱ्या ठिपक्यांमुळे फसगत होऊ नये. एकशे वीस वर्षांपूर्वी याच हेतूने एका धर्मगुरूने यादी केली होती, याची त्यांना कल्पना नव्हती. टाऊभोवतीचा गुच्छ १७८३ साली विल्यम हर्शेल यांच्या दृष्टीस पडला आणि दीर्घ काळ त्यांचाच शोध मानला गेला. १८८८ मध्ये ड्रेयर यांनी केलेल्या मोठ्या सूचीत त्याला २३६२ हा क्रमांक मिळाला.

१९८५ साली इटलीतील तीन संशोधकांनी खगोलशास्त्राच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात ओदिएर्ना यांच्या यादीचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी नोंद आणि आजचे आकाश त्यांनी पडताळून पाहिले. तेव्हा कोठे या शोधांपुढे त्यांचे नाव लिहिले जाऊ लागले. मृत्यूनंतर ३२५ वर्षांनी!

राहता राहिला त्यांच्या तर्काचा निवाडा. प्रत्येक धुरकट ठिपका म्हणजे सुटे न झालेले तारे, हे त्यांचे म्हणणे सर्वस्वी खरे ठरले नाही. मृगातील मेघ आणि धनू राशीतील मेघ हे मुख्यतः तापलेल्या वायूचे आहेत, आणि कितीही मोठी दुर्बीण आणली तरी वायूचे तारे होत नाहीत. एकोणिसाव्या शतकात वर्णपटाच्या अभ्यासाने हे सिद्ध झाले. टाऊच्या बाबतीत मात्र धर्मगुरूंचा तर्क त्यांच्याही कल्पनेपलीकडे खरा निघाला. त्यांनी धुरकट ठिपका फोडून तारे पाहिले. पुढच्या पिढ्यांनी त्या ताऱ्यांतील सर्वांत तेजस्वी तारा फोडला, आणि त्यातूनही तारेच निघाले. टाऊ हा एक तारा नाही. एकमेकांना अगदी खेटून असलेले त्याचे दोन घटक केवळ विशेष तंत्रानेच वेगळे दिसतात. त्यांपैकी एक स्वतःच एका जोडीदारासह सुमारे १५५ दिवसांत फेरी पुरी करतो, हे त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातून कळले. १९८९ साली अवकाशात गेलेल्या हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहाच्या नोंदींतून असेही दिसले की या समूहात आणखी एक अत्यंत निकटची जोडी आहे. तिचे तारे सुमारे एकतीस तासांत एकमेकांना प्रदक्षिणा घालतात आणि एकमेकांना झाकत असल्याने टाऊचा प्रकाश किंचित कमी-जास्त होत राहतो. जवळपास आणखी काही मंद सोबतीही आहेत.

हा सारा समूह आपल्यापासून सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथील ताऱ्यांचे वय अवघे चाळीस ते पन्नास लाख वर्षे आहे, तर आपल्या सूर्याचे सुमारे ४६० कोटी वर्षे. टाऊ इतका तप्त आणि निळसर आहे की त्याचे आयुष्य सूर्याच्या मानाने फारच अल्प असणार.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत, चंद्र नसलेल्या रात्री, हा गुच्छ आपल्याकडून पाहता येतो. सिसिलीत जो अठ्ठावीस अंश वर येतो, तो वसई-मुंबईहून पंचेचाळीस अंश वर येतो. साधी द्विनेत्री दुर्बीण हातात धरून ती हलकेच हलवावी. मधला टाऊ ठळक दिसतो आणि त्याच्याभोवती बारीक तारे चमचमत राहतात.